इमूचे तेल, मांस आणि कातडे यांविषयी सांगलीच्या पशुसंवर्धन विभागास खुले पत्र

प्रति,
पशुसंवर्धन विभाग, सांगली जिल्हा;
तसेच क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय, शिरवळ (जि. सातारा)

विषय : पाळीव इमूपासून मिळणाऱ्या वस्तूंची प्रक्रिया, तपासणी आणि विक्री यांची सोय करण्याबाबत

सन्माननीय अधिकारी आणि अध्यापकहो,

सविनय नमस्कार.

जत आणि कवठेमहांकाळ तालुक्यांच्या दुष्काळी पट्ट्यात पशुवैद्यक म्हणून माझी बहुतेक नोकरी झाली. खिलार बैल, माडग्याळी मेंढ्या आणि शेळ्या यांच्याबरोबर इमूचे कळपही मला तपासावे लागत, आणि त्यांपैकी थोडे कळप आजही जाळीच्या कुंपणाआड उभे आहेत. त्यांच्या मालकांपुढचा पेच आपल्याला ठाऊक आहे. मोठा पक्षी रोज अर्धा ते पाऊण किलो खाद्य खातो, त्याला घेणारा कोणी मिळत नाही, आणि हाताने भरवून वाढवलेला पक्षी माळावर सोडून द्यायला मन धजत नाही. या कळपांकडे फसलेल्या योजनेचा उरलासुरला पसारा म्हणून आपल्या विभागाने पाहू नये, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. इमूपासून मिळणारे तेल, मांस, कातडे आणि पिसे या खरोखर उपयोगाच्या वस्तू आहेत. आपल्याकडे मात्र त्या वस्तूंचा व्यापार कधी नीट उभा राहिलाच नाही. उभा राहिला तो पिल्लांचा व्यापार, आणि तो कोसळल्यावर त्याचा दोष पक्ष्याच्या माथी मारला गेला.

इमू हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, उंचीने शहामृगाच्या खालोखालचा, उडू न शकणारा पक्षी. तिकडे त्याचे व्यापारी पालन 1970 च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात सुरू झाले. आपल्या देशात तो विशेषतः 2000 नंतरच्या दशकात आंध्र प्रदेश, महाराष्ट्र आणि तामिळनाडू या राज्यांत पसरला, आणि पसरला तो जोडीच्या हिशेबाने. शेतकऱ्याने पैसे भरून जोडी घ्यायची, अंडी किंवा पिल्ले कंपनीने ठरल्या भावाने परत घ्यायची, आणि कंपनीने तीच पिल्ले पुढच्या शेतकऱ्याला पुन्हा जोडीच्या भावाने विकायची, अशी ती रचना होती. या साखळीत तेल लावणारा, मांस खाणारा किंवा कातड्याचे पाकीट वापरणारा ग्राहक कोठेच नव्हता. नवा शेतकरी मिळेपर्यंत जुन्या शेतकऱ्याला पैसे मिळत राहिले. नवा शेतकरी मिळेनासा झाला त्या दिवशी सगळेच थांबले. 2012 मध्ये तामिळनाडूत ईरोडजवळच्या पेरुंदुराई येथे हेच घडले आणि हजारो पक्षी खाद्यावाचून उभे राहिले.

आपल्या जिल्ह्याने हा प्रकार पुढे दुसऱ्या पक्ष्याच्या रूपाने अनुभवला आहे. 2019 मध्ये वाळवा तालुक्यातून पसरलेले कडकनाथ कोंबड्यांचे प्रकरण आपल्या विभागाला वेगळे सांगायला नको. कडकनाथ ही चांगली देशी जात आहे, तिच्या मांसाला मागणीही आहे. परंतु तेथेही अंडी आणि पिल्ले परत विकत घेण्याच्या हमीवरच सगळा डोलारा उभा होता. म्हणून माझी पहिली मागणी इमूच्या बाजूची असूनही इमूच्या प्रसारासाठी नाही. नव्या शेतकऱ्याने आज इमूची पिल्ले विकत घ्यावीत, असे मी मुळीच सुचवत नाही. कोणी परत खरेदीची हमी देऊन पिल्ले विकू लागला, तर ठेवीदारांच्या हितरक्षणाचा राज्याचा 1999 चा कायदा आणि अनियमित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा 2019 चा कायदा यांच्या कसोटीवर ती योजना पहिल्याच महिन्यात तपासली जावी, आणि त्यासाठी आपल्या विभागाने पोलीस व महसूल यंत्रणेला स्वतःहून कळवावे.

परदेशी जनावर आपल्या मातीत नीट रुजवता येते, याचे उदाहरण शेजारच्या फलटणमध्ये आहे. निंबकर कृषी संशोधन संस्थेने दक्षिण आफ्रिकेची बोअर शेळी आणली ती आधी स्वतःच्या गोठ्यात. तेथे तिच्यावर काम झाले, स्थानिक शेळ्यांशी संकर झाला, आणि मग ती शेतकऱ्यांच्या दारात गेली. शिवाय शेळीच्या मटणाचा भाव आठवडी बाजारात रोखीने ठरत होता, त्यामुळे बोकड वाढवणाऱ्याला कोणाच्या हमीपत्राची गरज पडली नाही. इमूच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी उलट्या झाल्या. आधी संशोधन हवे होते ते झाले नाही, आणि बाजार हवा होता त्या जागी करारपत्र आले. जे तेव्हा राहून गेले ते आता उरलेल्या कळपांपुरते तरी करता येईल, एवढेच माझे म्हणणे आहे, आणि त्यासाठी या पक्ष्यापासून काय मिळते हे थोडे बारकाईने पाहावे लागेल.

सर्वांत मोलाची वस्तू तेल. इमूची चरबी मांसात मुरलेली नसते. कातडे सोलल्यावर पाठीवर आणि पोटाशी तिचा जाड, पिवळट पांढरा थर हाती लागतो आणि तो सुरीने अखंड वेगळा करता येतो. चांगल्या पोसलेल्या पक्ष्याच्या चरबीतून साधारणपणे 4 ते 6 लिटर तेल निघते. तेलाचा दर्जा ठरतो तो या थराची पुढच्या काही तासांत काय काळजी घेतली जाते त्यावर. चरबी लगेच थंड केली नाही, तिला रक्ताचा किंवा मांसाचा अंश चिकटून राहिला, तर तेलाला वास धरतो आणि तो पुढे कशानेही जात नाही. चरबी बारीक करून मंद आचेवर वितळवायची, चोथा गाळायचा, पाण्याचा अंश तळाशी बसू द्यायचा आणि वरचे तेल निथळून घ्यायचे, ही रीत सोपी आहे. परंतु घरच्या चुलीवर आच हाताबाहेर जाते, तेल तांबूस पडते आणि टिकत नाही. जत तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबाने मोठ्या निगुतीने काढलेले तेल मी पाहिले आहे. दुपारी ते स्वच्छ, फिकट पिवळे आणि पातळ होते. पौषातल्या सकाळी त्याच बाटलीच्या तळाशी पांढरा रवाळ थर बसला, वर पातळ तेल राहिले, आणि घेणाऱ्याने डालडा मिसळल्याचा आरोप करून बाटल्या परत पाठवल्या. वास्तविक शुद्ध इमू तेलाचा हा स्वभावच आहे. त्यातील संपृक्त मेदाम्ले थंडीत आधी गोठतात आणि असंपृक्त भाग पातळ राहतो. तपासणीचा एक कागद आणि लेबलावर एक ओळ असती, तर त्या कुटुंबाचा माल परत आला नसता.

या तेलात निम्म्याच्या आसपास ओलेइक आम्ल असते, जे आपल्या शेंगदाणा तेलातही मुख्यतः असते. सुमारे पाचवा हिस्सा पामिटिक आम्ल आणि 10 ते 15 टक्के लिनोलेइक आम्ल असते. पक्ष्याला काय खाऊ घातले त्यावर हे प्रमाण थोडेफार बदलते. अशी रचना असल्यामुळे तेल त्वचेवर सहज पसरते, चिकट न राहता मुरते आणि कोरडेपणा रोखते. म्हणूनच मलमे, साबण, ओठांना लावायचे लेप आणि मालिशचे तेल यांत त्याचा वापर अनेक देशांत होतो. ऑस्ट्रेलियातील आदिवासी समाज ही चरबी दुखऱ्या सांध्यांना आणि जखमांना पिढ्यान्‌पिढ्या लावत आले आहेत. उंदरांवरील प्रयोगांत तिने सूज कमी केल्याचे आढळले आहे, आणि अ‍ॅडलेड विद्यापीठातील संशोधकांनी आतड्याच्या दाहावर तिचा परिणाम प्राण्यांमध्ये अभ्यासला आहे. उन्हात राबणाऱ्या, टाचांना भेगा पडलेल्या आपल्या माणसांना उपयोगी पडेल असे हे तेल आहे, हे मी ते वापरणाऱ्यांना पाहून खात्रीने सांगतो.

याच्या पुढे मात्र मी जाणार नाही, आणि कोणी जाऊ नये यासाठी आपण कठोर राहावे अशी माझी इच्छा आहे. प्राण्यांवरील प्रयोगात दिसलेला परिणाम म्हणजे माणसाच्या आजारावरचा सिद्ध उपचार नव्हे. संधिवात बरा होतो, टक्कल जाते, मधुमेह आटोक्यात येतो, अशी पत्रके वाटून या तेलाची जी विक्री झाली तिने तेलाचेच नुकसान केले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आरोग्याच्या नावावरील फसवणुकीची उदाहरणे देताना इमू तेलाच्या अशा दाव्यांचाही उल्लेख केला आहे, तो यामुळेच. आपल्याकडे जादूटोणासदृश औषधी जाहिरातींना आळा घालणारा 1954 चा केंद्रीय कायदा आहे. त्याचा धाक इमू तेलाच्या विक्रेत्याला असायला हवा. त्वचेला लावायचे तेल म्हणून ते विकायचे असेल तर 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांखाली परवाना घेऊन, आम्लमूल्य व पेरॉक्साइड मूल्य (तेल खवट झाले आहे का हे दाखवणारी मापे) आणि ओलावा तपासून विकावे. आणखी एक बाब येथे मुद्दाम लिहितो. सांगली जिल्ह्यात जैन आणि अन्य शाकाहारी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. हे तेल पक्ष्याच्या चरबीपासून काढलेले आहे, हे बाटलीवर मराठीत आणि ठळकपणे छापले पाहिजे. घेणाऱ्याची श्रद्धा दुखावून केलेली विक्री एकदाच होते.

मांसाकडे आपल्या विभागाने तेलाइतकेच लक्ष द्यावे, कारण खाद्याचा खर्च भरून निघण्यात त्याचा वाटा मोठा राहू शकतो. पक्षी असूनही इमूचे मांस कोंबडीसारखे पांढरे नसते. ते गडद लाल असते. चरबी वेगळी काढता येत असल्यामुळे नीट साफ केलेल्या मांसात मेद फार थोडा राहतो, 100 ग्रॅम कच्च्या मांसात सुमारे 22 ग्रॅम प्रथिने मिळतात, आणि लोहाचे प्रमाण 4 ते 5 मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे कोंबडीच्या छातीच्या मांसापेक्षा कितीतरी अधिक असते. रक्तक्षय घरोघरी असलेल्या आपल्या भागात लोहयुक्त मांसाहाराचा असा एक पर्याय, मांस खाणाऱ्या कुटुंबांसाठी, क्षुल्लक मानता येणार नाही. शिजवण्याची पद्धत मात्र शिकवावी लागेल. मेद कमी असल्यामुळे मटणाप्रमाणे भरपूर वेळ मोठ्या आचेवर ठेवले की मांडीचे चांगले तुकडेही चिवट होतात. पातळ काप करून थोडा वेळ परतणे किंवा खिमा करून कांदा-खोबऱ्याच्या वाटणात शिजवणे, या दोन रीती आपल्याकडच्या चुलीला आणि जिभेला मानवतात. ज्यांनी एकदा खाल्ले आणि ‘रबर लागले’ म्हणून नाक मुरडले, त्यांना बहुधा चुकीच्या पद्धतीने शिजवलेले मांस वाढले गेले होते.

अडचण चवीपेक्षा कत्तलीची आहे. कोंबडीच्या दुकानात 40 किलोंचा, लाथ मारणारा पक्षी कापता येत नाही, आणि शेळ्या-मेंढ्यांच्या कत्तलखान्यात त्यासाठी सोय नाही. परिणामी जे काही मांस विकले गेले ते उघड्यावर, तपासणीविना विकले गेले. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याची आणि 2001 च्या कत्तलखानाविषयक नियमांची चौकट पाळून, कत्तलीपूर्वी आणि नंतर पशुवैद्यकाची तपासणी होईल अशी एक लहान जागा असल्याशिवाय या मांसाला भाव मिळणार नाही, आणि मिळूही नये. कोणत्या परवान्याखाली, कोणत्या अटींवर ही कत्तल करता येईल, याचे लेखी मार्गदर्शन शेतकऱ्याला एकाच ठिकाणी मिळाले पाहिजे. आज तो एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत राहतो. हैदराबाद येथे मांसावर संशोधन करणारी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची संस्था आहे. शिरवळच्या महाविद्यालयाने तिच्या साहाय्याने एक प्रात्यक्षिक घ्यावे, असे मला वाटते.

कातड्याविषयी लिहिताना मला जिल्ह्यातील चर्मकार बांधव डोळ्यांपुढे येतात. इमूच्या अंगाच्या कातड्यावर पिसांच्या मुळांमुळे उठावदार ठिपके राहतात आणि पायाच्या कातड्यावर खवल्यांची नक्षी असते. कमावल्यावर ते पातळ, मऊ आणि तरीही चिवट होते. चपलेच्या तळासाठी ते कामाचे नाही, पण पाकिटे, पट्टे, घड्याळाचे पट्टे आणि बटवे यांसाठी उत्तम आहे. कोल्हापुरी चपलेला मिळालेल्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर हे चार जिल्हे येतात. म्हणजे कातडे ओळखणारे आणि हाताने शिवणारे कारागीर आपल्याकडे आहेतच. इमूच्या वस्तू कोल्हापुरी या नावाने विकाव्यात असे मी अजिबात म्हणत नाही. त्या मानांकनाला धक्का लागता कामा नये. परंतु त्याच हातांना दुसरे काम मिळू शकते. आजवर बहुतेक कातडी पुरली गेली, कारण सोलताना त्यांना काप बसत आणि मीठ लावायला उशीर होई. सोलणाऱ्याला प्रशिक्षण आणि जागेवर मिठाची सोय, एवढ्यावर हे वाया जाणारे कातडे वाचते. चेन्नईची केंद्रीय चर्म संशोधन संस्था आणि राज्याचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ यांना आपल्या विभागाने एक पत्र लिहिले तरी सुरुवात होईल.

पिसे आणि अंडी यांवर फार लिहीत नाही. इमूच्या एका मुळातून दोन सारख्या लांबीची पिसे निघतात आणि ती मऊ, झुलती असतात. शोभेच्या वस्तू आणि धूळ झटकण्याचे झाडू यांसाठी ती वापरली जातात. गर्द हिरव्या अंड्याचे कवच जाड असते आणि त्यात हिरव्यापासून पांढऱ्यापर्यंत रंगांचे थर असतात, त्यामुळे वांझ अंडी भोक पाडून रिकामी केली की त्यांवर कोरीव काम करता येते. दोन्हींची कमाई वरकड आहे, पण घरातल्या स्त्रियांच्या हाती थेट येणारी आहे, म्हणून ती सोडू नये.

आता या सगळ्याचा एकत्र विचार करावा. पक्षी विक्रीयोग्य होईपर्यंत सव्वा ते दीड वर्ष जाते आणि तोवर तो काही क्विंटल खाद्य खातो. केवळ तेलावर हा खर्च निघत नाही, केवळ मांसावरही निघत नाही. एकाच पक्ष्याची चरबी, मांस, कातडे आणि पिसे एकाच दिवशी, एकाच छपराखाली, दर्जा राखून उतरली आणि प्रत्येकीला वेगळा ग्राहक मिळाला, तरच हिशेब जुळण्याची शक्यता आहे. एकट्या शेतकऱ्याला हे जमणारे नाही. सहकाराची सवय असलेल्या आपल्या जिल्ह्यात दुधाचे आणि उसाचे जे झाले ते याही बाबतीत लहान प्रमाणावर व्हायला हरकत नसावी. प्रथम उरलेल्या पक्ष्यांची गणना करून घ्यावी. मग सध्याच्या एखाद्या परवानाधारक जागेत आठवड्यातून ठराविक दिवशी इमूची कत्तल व चरबी वितळवण्याची सोय करावी, आणि तेल व मांस यांच्या तपासणीची जबाबदारी शिरवळच्या महाविद्यालयाने घ्यावी. एक हंगाम असा चालवून त्याचा जमाखर्च, तोटा झाला तर तोट्यासह, सर्वांसाठी प्रसिद्ध करावा. आकडे प्रतिकूल आले तर शेतकरी कळप बंद करण्याचा निर्णय डोळसपणे घेतील, आणि त्या वेळी पक्ष्यांची उपासमार न होता त्यांचा शेवट कायद्याने व माणुसकीने व्हावा, ही जबाबदारीही याच सोयीने पार पडेल. हा पक्षी उपाशी ठेवून मारणे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात बसत नाही, आणि माणुसकीत तर त्याहून नाही.

वेळेविषयी एक विनंती करून थांबतो. आपल्या हवामानात इमूची मादी साधारण ऑक्टोबरपासून अंडी घालू लागते आणि त्यानंतर नर सुमारे आठ आठवडे अंड्यांवर बसून राहतो, जवळजवळ काहीच खात नाही. विणीच्या या काळात पक्ष्यांची साठवलेली चरबी खर्ची पडते. त्यामुळे तेलाच्या दृष्टीने पक्षी सर्वांत भरलेला असतो तो पावसाळ्याच्या उत्तरार्धात. शेतकरी, चर्मकार, अन्न व औषध प्रशासन आणि महाविद्यालय यांची एकत्र बैठक आपण जूनपूर्वी सांगलीत किंवा जतला बोलावली, तर गणना आणि जागेचा निर्णय पावसाच्या सुरुवातीला होईल आणि पहिली खेप दसऱ्याच्या आधी उतरवता येईल. पक्ष्यांची तपासणी आणि सोलण्याचे प्रशिक्षण यांसाठी माझा वेळ मी विनामोबदला देण्यास तयार आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पशुवैद्यक,
जत, जि. सांगली